‘या शिबिरामागे कोण आहे?’ एका भाकरीवालीचं उत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र होतं. मे महिन्यात सोलापुरात समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींचं तीन दिवसांचं शिबिर झालं. त्यामागे कोण आहे, पैसा कुठून येतो, याची चौकशी करा, असं त्यांचं म्हणणं. चौकशी जरूर करा. तोवर मला माहीत आहे तेवढं मी सांगते, कारण तिन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ मी तिथं भाकरी पोचवत होते.

पूर्व भागात माझा कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे. एप्रिलच्या शेवटी एक मुलगी येऊन रोजच्या सव्वाशे भाकरी नि शेंगा चटणी सांगून गेली. कसलं शिबिर, विचारलं तर ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणाली. चप्पल घातली, पायरी उतरली, परत वर आली आणि खरं सांगितलं. “अक्का, मागाहून कळून ऐनवेळी नाही म्हणाल, त्यापेक्षा आत्ताच म्हणा.” मी ‘बघते’ म्हणाले. ‘बघते’ का, ते पुढं लिहिते.

ही मुलगी नर्स आहे, रात्रपाळीची. या शिबिराची मूळ कल्पना तिची. कॅनडात एडमंटनच्या विद्यापीठाकडून २००४ पासून असं शिबिर भरतं, ‘कॅम्प फायरफ्लाय’ नावाचं, त्याबद्दल तिनं वाचलं होतं. तिथंही बरंचसं काम स्वयंसेवकच करतात म्हणे. “आपल्याकडे तसं काही नाही, पण उकाडा तरी फुकट आहे,” असं तिचं बोलणं. तिच्यासोबत सूत रंगवायच्या एका कारखान्यातला हिशेबनीस, एक वकीलबाई, एक रिक्षावाला, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक पोरगा आणि यल्लमा देवीला वाहिलेली एक जोगती. झाले सहा. मागे आहेत ते एवढेच. यांच्या मागे आणखी कुणी असेल तर मला दिसलं नाही, आणि मी मागच्याच दारानं आत जात होते.

जागेचं सांगते. दोन कार्यालयांनी अनामत घेतली नि परत केली, त्यातल्या एकानं आदल्या आठवड्यात. शेवटी एका कारखानदारानं बंद पडलेली शेड दिली. माग विकून झालेले, पण फरशीत त्यांचे बोल्ट तसेच वर आलेले. वर पत्रा, बाहेर त्रेचाळीस अंश. आमचे मालक असल्याच शेडमध्ये आयुष्यभर टॉवेल विणत होते, त्यामुळे तेल-सुताचा तो वास मला घरचाच. पोरं येण्याआधी दोन रात्री जागून या सहा जणांनी सायकलच्या जुन्या ट्यूब कापल्या आणि एकेका बोल्टावर गुंडाळून सुतळीनं बांधल्या, कुणाचा पाय फाटू नये म्हणून. खिडक्यांना गोणपाट लावलं. ते ओलं ठेवायला पाणी लागतं आणि आपल्याकडे नळाला पाणी कधी येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. रिक्षावाला रोज पहाटे घागरी भरून आणायचा. स्टेशनवरून आणि एसटी स्टँडवरून पोरांना आणलं तेही त्यानंच. काहींना पत्ता विचारायचीसुद्धा भीती होती.

पैशाचं म्हणाल तर हिशेब भिंतीवर तक्ता करून लावला होता, कुणीही वाचावा असा. मी वाचला. अठ्ठावीस पोरं, प्रत्येकी तीनशे रुपये, ज्याच्याकडे नाहीत त्याला माफ. अकरा जणांना माफ होते, कोणते अकरा ते मात्र तक्त्यावर नव्हतं. स्वयंसेवकांनी दोन-दोन हजार घातलेले. भाकरीचा आकडा माझ्या वहीशी जुळला. एवढा चोख हिशेब मी मंडळांच्या अहवालातही पाहिला नाही.

अठराच्या आतलं कुणी घेतलं नव्हतं. दारात वकीलबाई आधार कार्ड बघत बसलेल्या. फोटो बंद. एकट्या पोराला घेऊन कुठल्याही स्वयंसेवकानं खोलीत बसायचं नाही, जोडीला दुसरा हवाच. रात्री दोघं जागे. मुलींच्या संस्कार शिबिराला मी माझी नात पाठवते, तिथं यातलं निम्मंही विचारलेलं मला आठवत नाही.

वकीलबाईंचं एक सत्र मी दाराशी उभी राहून ऐकलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध काढले, त्यामुळे हा गुन्हा नाही. २०२३ मध्ये समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला मात्र कोर्टानं नकार दिला. हे त्यांनी भरभर उरकलं आणि मग १९३४ वर रमल्या. त्या साली संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला. त्या पत्रांत समलिंगी संबंधांबद्दलही विचारलेलं होतं. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण उभे राहिले. पोरं एकदम गप्प झाली. (वाचकांची पत्रं छापण्यात असा धोका असतो, संपादकसाहेब.)

आता माझं. माझ्या बहिणीचा मुलगा असाच. त्याला ‘सुधारायला’ वर्षभर एका डॉक्टरकडे नेत होतो, गोळ्या चालू होत्या. असले बदलून टाकायचे उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये कळवलंय, हे मला याच शिबिरात कळलं. पोरगा पुण्याला निघून गेला, दिवाळीला आईला फोन करतो तेवढाच. त्या डॉक्टरकडे जायचं गाडीभाडं मी दिलं होतं. म्हणून नर्सला ‘बघते’ म्हणाले.

आणि पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात जोगतीबाई पुढं आल्या, तेव्हा भाकरीचं गाठोडं मी त्यांच्या हातात दिलं नाही, कट्ट्यावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. उन्हातून आले होते, प्याले. दुसऱ्या दिवशी गाठोडं हातात दिलं, तर म्हणतात कशा, “आज भाकरी जड आहेत गं.”

रात्री नऊला घरच्यांचे फोन यायचे. एका पोराचे वडील रोज फोन करायचे, स्पीकरवर. सगळी शेड चिडीचूप. हिशेबनीस सांगायचा, “हो काका, जेवण झालं, आता बौद्धिक चालूय.” फोन ठेवला की पोरं तोंड दाबून हसायची. तो पोरगा हसायचा नाही. पहिल्या रात्री जेवलाही नाही. प्रयोगशाळेतला मुलगा त्याच्या शेजारी पायरीवर शेंगा सोलत बसला, तासभर, एक शब्द न बोलता. सोललेले दाणे दोघांच्या मधे ठेवत गेला. मी रिकामी टोपली घेऊन निघाले तेव्हा टरफलं वाढली होती आणि दाणे संपले होते.

हे काम पगाराचं नाही. नर्सनं वर्षाची साठवलेली रजा यात घातली, रिक्षावाल्याचा ऐन लग्नसराईचा तीन दिवसांचा धंदा बुडाला. सिद्धेश्वरांचं तळं श्रमदानातून झालं, हे आपण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेत नंदीध्वजाच्या काठीला हात लागला तरी सेवा म्हणतो. या सहा जणांचं काय म्हणायचं ते आपल्या पत्रलेखकांनी ठरवावं.

माझी मागणी एवढीच. मे महिन्यात शहरातल्या शाळांचे हॉल कुलूप लावून पडलेले असतात, पंख्यांसकट. महापालिकेनं त्यातला एक यांना रीतसर भाड्यानं द्यावा, पावती घ्यावी, नियम लावावेत. हवं तर पत्रलेखकांनी दारात बसून आधार कार्डं तपासावीत. वकीलबाईंना तेवढाच आराम. पुढच्या मेची ऑर्डर मी वहीत लिहून ठेवली आहे, रोजच्या दीडशे. या वेळी नर्सला ‘बघते’ म्हणाले नाही.

– एक भाकरीवाली, पूर्व भाग, सोलापूर