मयुरीला इतिहास घेऊ द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय. मयुरीला बीएला इतिहास घ्यायचाय आणि तुमच्या जिवाला घोर लागलाय. बाबा, नोकरीची तुमची काळजी खरी आहे. प्राध्यापकाच्या जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत, शिकलेली पोरं तासिका तत्त्वावर राबतात. हे मी तिला स्पष्ट सांगितलंय. तरी ती ठाम आहे, आणि मी तिच्या बाजूनं आहे.

आपलं मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं. त्याआधी इकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. आज संभाजीनगरात मराठी, उर्दू, संस्कृत, पाली, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, नाट्यशास्त्र असं सगळं एकाच आवारात शिकता येतं. आपल्या दाराशी आलेलं हे शिक्षण "ज्याला काही जमत नाही त्याच्यासाठी" म्हणून सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

बाबा, भोकरदनला १९७३ साली खोदकाम झालं, तेव्हा तुम्ही शाळकरी असाल. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून केलं होतं ते. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन म्हणजे हेच आपलं तालुक्याचं गाव. केळणा नदीच्या काठावरच्या या गावातून हस्तिदंताची एक बाई निघाली, तुटकी. पण अंगावरचे दागिने कोरलेले. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत, पाँपेईत सापडलीय. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. म्हणजे आपल्या भागातल्या कारागिरीचं नातं किती लांबवर जातं बघा! सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांतही भोगवर्धनची माणसं आहेत, दगडावर ब्राह्मी या जुन्या लिपीत त्यांची नावं आहेत. राजेरजवाडे नव्हेत, साधी माणसं.

नांगरटीला निघालेली खापरं आपण बांधावर फेकून देतो. मयुरी ती पाण्यानं धुऊन ठेवते, कुठल्या शेतातली ते चिठ्ठीवर लिहिते. आई, तिला कुणी शिकवलेलं नाही हे. अशा पोरीला मारूनमुटकून सायन्सला घालायचं?

मयुरी ब्राह्मी लिपी वाचायला शिकेल, पाली-प्राकृत शिकेल. अजिंठा काही लांब नाही आपल्याला. तिथले लेख तिला स्वतः वाचता यावेत, एवढी माझी इच्छा आहे. पुढं स्पर्धा परीक्षा द्यायची म्हटली तरी इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र उपयोगी पडतंच. पण त्यासाठी म्हणून मी हे सांगत नाही.

राहण्याचं मी बघते. वसतिगृहाला नंबर नाही लागला तर माझ्याकडे राहील. तिची टीसी, बारावीचं गुणपत्रक आणि जातीचा दाखला दादाकडून काढून ठेवा, प्रवेशाची तारीख कळली की फोन करते.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवतेय.

तुमची लाडकी,
सुरेखा