बायका तपासणीला येत नाहीत, असे म्हणण्याआधी: गरीब देशांच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढण्याचे, यंत्र येते, फीत कापली जाते आणि वर्षभराने लक्षात येते की बायका फारशा फिरकल्याच नाहीत. मग ठरलेला शेरा: ‘जागृती नाही.’ स्तनकर्करोगाच्या तपासणीचे काम करणाऱ्या आम्हा लोकांना तो अर्धवट वाटतो.

फिलिपिन्समध्ये १९९५ साली सुरू झालेल्या अभ्यासाकडे पाहा. मनिला परिसरात प्रशिक्षित परिचारिका आणि सुइणींनी १,३८,३९२ स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. म्हणजे बायका तपासणीला तयार झाल्या. ३,४७९ जणींना पुढच्या तपासासाठी पाठवले, तो पूर्ण केला फक्त १,२२० जणींनी. घरी जाऊन विनवले तरी ४२ टक्क्यांनी नकार दिला. पहिल्याच फेरीनंतर हे काम थांबवावे लागले. गळती तपासणीपाशी नव्हती, गाठ सापडल्यानंतर होती.

त्यामागचा हिशेब बाईच्या बाजूने मांडून पाहा. तपासणी मोफत असते, पण प्रवासाचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबतीला आणलेल्या माणसाचा खाडा हे सगळे पदरचे. आज सोनोग्राफी, पुढच्या आठवड्यात बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे), नंतर रिपोर्ट आणि मग दुसऱ्या शहरातले रुग्णालय, असे चार हेलपाटे. गाठ दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते. स्तन काढावा लागेल, नवरा टाकून देईल, ही भीती निराधार नसते. खर्चाचा निर्णय बहुतेकदा तिच्या हातात नसतो. तरीही आपली पत्रके फक्त तिलाच उद्देशून लिहिलेली, नवऱ्याला किंवा सासूला कोणी काही सांगत नाही. तपासणारा पुरुष असेल आणि आडोशाला धड पडदाही नसेल, तर ती दारातूनच परत जाते. शेजारणीचा कर्करोग उशिरा कळला आणि ती गेली, एवढे पाहिलेल्या बाईला ‘लवकर कळले तर बरा होतो’ हे वाक्य पोकळ वाटते.

ओळखीच्या आरोग्यसेविकेने ‘आज तपासून घ्या’ म्हटले की बाई तयार होण्याची शक्यता बरीच वाढते. पण इथे एक खाच आहे. आपल्या यंत्रणेचा बाईशी संबंध बाळंतपण आणि लसीकरणापुरता. चाळिशीनंतर, म्हणजे धोका वाढतो तेव्हाच, तो तुटतो. या वयाच्या बायका केंद्रात येतात त्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांसाठी किंवा नातवंडाला घेऊन. तपासणी तिथेच, त्याच दिवशी, स्त्री कर्मचाऱ्याकडून व्हावी.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर चाललेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी त्यांतल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू बाकीच्यांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. उलट, स्वतःच स्तन तपासायला शिकवण्याने शांघायच्या सुमारे २,६६,००० कामगार स्त्रियांच्या अभ्यासात मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. तेव्हा ‘स्वतः तपासा’ सांगणाऱ्या भिंतीवरच्या फलकांवर खर्च थोडा बेताने करा.

अर्थात हात सरावलेला हवा. आधी बसवून पाहणे, मग आडवे झोपवून हात डोक्यामागे. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी हलका, मध्यम आणि खोल असा तिहेरी दाब देत उभ्या पट्ट्यांत सरकणे. शेवटी काख आणि गळपट्टीच्या हाडावरचा भाग. एका स्तनाला काही मिनिटे लागतातच. दिवसाला शंभर बायका ‘उरकणाऱ्या’ शिबिरात हे होत नाही.

गाठ लागली की त्याच इमारतीत सोनोग्राफी आणि १४ गेजच्या सुईने बायोप्सी व्हावी. स्थानिक भूल पुरते, शस्त्रक्रियागृह लागत नाही. नमुना तासाभरात १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा. तो सलाइनमध्ये पडून राहिला, किंवा गाडी येईपर्यंत आठवडाभर फॉर्मॅलिनमध्येच राहिला, तर हार्मोन रिसेप्टरची (कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी) चाचणी चुकू शकते आणि बाईला पुन्हा सुई टोचावी लागते. पुन्हा बोलावलेली बाई बरेचदा येत नाही. म्हणून यंत्राच्या निविदेआधी नमुने नेणारी गाडी आणि ते वाचणारा पॅथॉलॉजिस्ट यांची तरतूद करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या उपक्रमात बाई पहिल्यांदा केंद्रात आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे, असे उद्दिष्ट आहे. तुमच्या मासिक अहवालात मात्र ‘किती जणी तपासल्या’ एवढाच रकाना असतो. त्याशेजारी आणखी दोन रकाने घाला: किती जणींना गाठ लागली, आणि त्यांतल्या किती जणींच्या हातात ६० दिवसांत बायोप्सीचा रिपोर्ट पडला. प्रत्येक जिल्ह्याचे हे आकडे दर महिन्याला आपल्या टेबलावर यावेत, एवढी मागणी आहे.

आपले,
स्तनकर्करोग तपासणीच्या क्षेत्रात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेविका