मावशी, आई पोचली! थँक्यू (आणि हे सगळ्यांसमोरच)

मावशी, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, उगाच काहीतरी" म्हणून चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून लिहूनच टाकतेय. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या अर्ध्या लोकांना तसंही कळेलच कोणाबद्दल चाललंय.

आई काल फ्रँकफर्टला पोचली, एकटी, दुबईला विमान बदलून. दादा बाहेर उभाच होता, त्याने लगेच व्हिडिओ कॉल लावून दिला आणि बाईसाहेबांचं पहिलं वाक्य काय, तर "ताईंना सांग, त्या इमिग्रेशनच्या ऑफिसरने तेवढंच विचारलं जेवढं त्या म्हणाल्या होत्या." आमची चौकशी नंतर, तुमचा निरोप आधी.

वहिनीच्या डिलिव्हरीला आईने जायचं ठरलं तेव्हा माझा प्लॅन सरळ होता, सगळं मी मोबाईलवर भरून टाकणार, आईने फक्त सह्या करायच्या आणि विमानात बसायचं. तुम्ही ओटल्यावर बसून ऐकत होतात आणि मधेच म्हणालात, "जाणार कोण आहे, ती का तू?" मला तेव्हा थोडा रागच आला होता खरं सांगू तर. पण त्या दिवसापासून तुम्ही आईला समोर बसवून प्रत्येक कागद तिच्याच हाताने करून घेतलात, स्वतः पेनही धरलं नाही, आणि मला तर जवळ फिरकू दिलं नाही.

नावाचा घोळ तर तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षातच आला नसता. आधार कार्डावर आईच्या नावापुढे कोणीतरी "बेन" चिकटवलेलं, पॅनवर नाही, शाळेच्या दाखल्यावर तर माहेरचं नाव, लग्नात बदललेलं ते वेगळंच. गुजरातमधल्या मराठी घरात हे घरोघरी असेल, पुरुषांच्या नावाला "भाई" आणि बायकांच्या नावाला "बेन", कोणी विचारत पण नाही. तुम्ही म्हणालात पहिल्यांदा आधार सुधारा, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं तेव्हा स्पेलिंग नीट बघून द्या, मग पासपोर्ट, कारण पुढे व्हिसा, विमा, तिकीट सगळं पासपोर्टच्या स्पेलिंगवर चालतं. जन्मदाखला नाही म्हणून आई रडकुंडीला आली होती, तर तो १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांनाच सक्तीचा आहे, आईसारख्यांना जन्मतारखेसाठी पॅन चालतं, हे पण तुम्हीच शोधून तिला वाचायला लावलंत. आणि दहावी झालेली नाही म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा (काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, तो) शिक्का पडेल ही भीती, ती पन्नाशीच्या पुढच्यांना नसतेच! साठीच्या वर असल्याने फीमधे दहा टक्के सूट, म्हणजे १५०० चे १३५०, या गोष्टीचा आईला झालेला आनंद पासपोर्ट हातात आल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

व्हिसाचं फार लिहीत नाही, ते काम तसं कंटाळवाणंच आहे. ३० हजार युरोचा विमा, ९० युरो फी, दादाने तिकडच्या सरकारी ऑफिसातून आणलेलं खर्चाच्या हमीचं पत्र, पेन्शनचं स्टेटमेंट. पण अहमदाबादला बोटांचे ठसे द्यायच्या आधी तुम्ही आईला काही दिवस भांडी घासायला बंदी केलीत आणि रोज रात्री हाताला तेल चोळायला लावलंत, ते मात्र लिहिलंच पाहिजे, कारण घासून घासून तिच्या बोटांच्या रेषा मशीनला दिसायच्याच नाहीत आणि यावेळी ठसे पहिल्या झटक्यात उठले. भांडी कोणी घासली ते विचारू नका.

आता लाडू. आईचं ठाम होतं की बाळंतिणीला डिंकाचे लाडू इथूनच करून न्यायचे, डबा भरून, वर घरचं साजूक तूप. तुम्ही एकेक वस्तू बाजूला काढत गेलात. तूप नाही, कारण दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, मग पेढे पण गेले. सुकं खोबरं नाही, तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई. आणि खसखस तर अजिबातच नाही, कारण विमान दुबईला बदलायचं आणि तिथे खसखस म्हणजे थेट अमली पदार्थाच्या यादीत! आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, म्हणाली मग लाडवात राहिलं काय? शेवटी डिंक, सुंठपूड आणि खारकेची पूड एवढंच गेलं, आणि तूप तिकडे बिनमिठाच्या बटरचं कढवायचं, ते कसं आणि किती वेळ ते तुम्ही तिच्याकडूनच दादाला फोनवर सांगायला लावलंत. लीलो चिवडा आणि भाकरवडी मात्र दोन्ही गेले, बडोद्याची अब्रू राखली. (भाकरवडी दादाने गाडीतच संपवली.)

आणि तुमच्या त्या रिहर्सली! तुम्ही इमिग्रेशन ऑफिसर, आई प्रवासी, ओटला म्हणजे काउंटर, पोळातली, म्हणजे आमच्या गल्लीतली, पोरं लाईनमधे. तुम्ही विचारलंत "व्हाय आर यू कमिंग?" तर आई सुनेच्या लग्नापासून सुरू झाली. तुम्ही म्हणालात, विचारलं तेवढंच, कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट दाखव, बस, पुढे एक शब्द नाही. नंतर नंतर तर आई पोळी लाटताना पण "सन्स हाऊस, सिक्स्टी डेज" म्हणत असायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद सुरू झालीय आणि चेहऱ्याचा फोटो काढतात, तेव्हा चष्मा काढायला सांगितलं तर घाबरायचं नाही, हे पण तुम्ही सांगून ठेवलेलं. सरकत्या जिन्यासाठी मॉलमधे नेऊन साडी कशी धरायची ते दाखवलंत, आई वर पोचली तेव्हा तुम्ही खालून टाळ्या वाजवल्यात आणि सिक्युरिटीवाला बघत राहिला.

व्हीलचेअर घ्यायला आई तयार नव्हती, "मी काय लंगडी आहे का" वगैरे. तुम्ही समजावलंत की पाय चालतात गं, पण एवढ्या मोठ्या एअरपोर्टवर गेट शोधताना भाषा पुरत नाही, सोबत एक माणूस मिळतो त्यासाठी घ्यायची, आणि तिकीट काढतानाच सांगायची. वर "आपले सयाजीराव महाराज १८८७ सालीच विलायत बघून आले, आणि तू विमानाला घाबरतेस?" हे ऐकवलंत. महाराजांबरोबर नोकर-चाकर होते हे आईने तुम्हाला तिथल्या तिथे सुनावलं, आणि व्हीलचेअरचा फॉर्म भरला. दुबईत तिला ढकलणारा मुलगा केरळचा निघाला, त्याची पण सगळी माहिती घेऊन आलीय ती.

मावशी, मी सगळं करून दिलं असतं ना, तरी आई पोचली असतीच. पण दुबईला गेट बदलल्यावर तिने मला फोन केला नाही, बोर्डवर स्वतः वाचलं, हे काही माझ्याच्याने झालं नसतं. बाबा गेल्यापासून बँकेत पण ती मला घेतल्याशिवाय जात नव्हती, तुम्हाला माहितीये.

पैसे, साडी, काही घेत नाही तुम्ही, म्हणून आईने विचारायला सांगितलंय की तिकडून काय आणू, आणि "काही नको" हे उत्तर चालणार नाही असं पण सांगितलंय. तुमचा तो बॅगा तोलायचा हुकाचा वजनकाटा अजून माझ्याकडेच आहे. आणून देणारच होते पण मागच्या बाजूच्या काकूंनी मागितलाय, त्यांचा कॅनडाचा व्हिसा करायचाय. त्या उद्या संध्याकाळी कागद घेऊन तुमच्याकडे येतील, मी त्यांना सांगून ठेवलंय की पेन स्वतःचं आणा.