टक्कर शिकवायची तर कॅरम काढ

नागपूर,
२० जून

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आठवडाभरात आपल्याकडच्या शाळा उघडतील आणि नववीचे ‘गतीचे नियम’ तुझ्यापुढे येतील. टक्कर दाखवायला कंचे मात्र काढू नकोस. आपण फळ्यावर लिहितो की सारख्या वस्तुमानाच्या वस्तूवर आदळली की पहिली थांबते. कंचा क्षणभर थबकतो आणि पुन्हा मागोमाग घरंगळतो! पुढे जायचा वेग तो दुसऱ्याला देतो, पण गिरकी त्याच्याकडेच उरते. तीच घर्षणाच्या आधाराने त्याला ढकलते. पोरं म्हणणार, सर, नियम चुकला.

कॅरमची सोंगटी घसरते, घरंगळत नाही. बोर्डावर दोन फूटपट्ट्या समांतर चिकटव, मधली जागा सोंगटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच जास्त. वर बोरिक पावडर. कूलरचा झोत तिकडे नको, दमट हवेत पावडरच्या गुठळ्या होतात. आता एक सोंगटी दुसरीवर नेमकी समोरून मार, पहिली जवळपास जागीच थांबेल. जरा कट लागला की खेळ बिघडलाच.

मग पट्ट्या काढून स्ट्रायकर घे. तो १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ची, वेग सेकंदाला २ मीटर धर. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे गतिज ऊर्जा अजिबात न गमावणारी, असेल तर स्ट्रायकर १ ने पुढे जातो, सोंगटी ३ ने सुटते. संवेग (वस्तुमान × वेग) आधी १५×२ = ३०, नंतर १५ + १५ = ३०. गतिज ऊर्जाही तेवढीच, ०.०३ ज्यूल. दोघं चिकटून गेले तर वेग १.५, संवेग ३० च, पण ऊर्जा ०.०२२५, म्हणजे पाव भाग आवाजात आणि उष्णतेत गेला. खऱ्या बोर्डावरचं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये येतं, हे आधीच सांगून टाक.

खरी मेख उलट्या टकरीत आहे. सोंगटी २ ने येऊन थांबलेल्या स्ट्रायकरवर आदळली, तर ती १ ने मागे फिरते आणि तो १ ने पुढे जातो. वर्गातले निम्मे ५ + १५ = २० लिहितील; यायला हवेत १०. मागे जाणाऱ्या सोंगटीचे उणे ५. बाण काढल्याशिवाय आकडा लिहू देऊ नकोस. ‘जड वस्तू जास्त जोरात मारते’ हेही इथेच खोडता येतं: बल दोघांवर सारखंच, स्ट्रायकरच्या वेगात फरक १ चा, सोंगटीच्या वेगात ३ चा.

स्ट्रायकर सोनाराच्या काट्यावर तोलून घे. नियमाने तो १५ ग्रॅमपर्यंतच, पण हलकेही मिळतात, आणि मग आकडे जुळत नाहीत.

तुझा,
विनय