भागू, चौथा दिवस आणि फुगे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला भटकी कुत्री दत्तक घेण्याविषयीचा सचित्र लेख वाचला. हेतू चांगला आहे, त्याबद्दल लेखिकेचे अभिनंदन. फोटो चार, चारही गुटगुटीत पिल्लांचे. पण 'तीन दिवसांत ते तुमच्या घरचेच होऊन जाते' हे वाक्य वाचले आणि हातातला चहा गार झाला. पुढे 'नाहीच जमले तर परतही देता येते' असे होते. तेव्हा तो चहा मोरीत ओतला.

या कामात मुरलेली माणसे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतात. तीन दिवस नुसते बावरलेपण, तीन आठवड्यांत घरातल्या वेळा कळतात, आणि तीन महिन्यांनी कुठे घर आपले वाटू लागते. तोही ढोबळच, बुजऱ्या कुत्र्याला याच्या दुप्पटही लागतात. लेखात पहिला तीन तेवढा आला, बाकीचे दोन जागेअभावी गळाले असावेत.

माझ्याकडे आहे तिचे नाव भागू. भागूबाईतली भागू. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचे पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत शिरले, त्यानंतर दोन दिवसांनी ती तिकडच्या एका जिन्यात चपलांच्या कपाटामागे सापडली. कानाला खाच, म्हणजे निर्बीजीकरण झालेले. वय दोनेक वर्षे. हाकलायला कोणी छत्री उचलली तर ही पळाली नाही, जागच्या जागी मुतली. मी घरी आणली ती चार दिवसांसाठी.

पहिले घर मिळाले तेव्हा मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. नवराबायको दोघे शिकलेले, दोन मुले, ऐसपैस फ्लॅट. मी फुलस्केपची दोन पाने भरून लिहून दिली. पहिल्या आठवड्यात अंघोळ नको. पाहुणे नकोत. तिच्या डोळ्यांत बघू नका, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसा, खाऊ बाजूला टाका आणि खुशाल पेपर वाचा. डोक्यावर हात आणू नका, हनुवटीखालून आणा. बाहेर नेताना नुसता गळपट्टा चालणार नाही, घाबरलेले कुत्रे मान मागे खेचून त्यातून सटकते, म्हणून हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, आणि वर दुसरी दोरी. बाई म्हणाल्या, "काकू, टेन्शन नका घेऊ, आम्ही डॉग लव्हर आहोत."

चौथ्या दिवशी धाकट्याचा वाढदिवस होता. वीस-पंचवीस पोरे, भिंतभर फुगे. भागूला अंघोळ घालून, गळ्यात गुलाबी बो बांधून मधोमध आणले. फुगा फुटला. ती सोफ्याखाली शिरली, एका पोराने तिची शेपटी धरून ओढली, ती गुरगुरली. चावली नाही, गुरगुरली. रात्री साडेदहाला भागू माझ्या दारात, त्या गुलाबी बो-सकट. "ॲग्रेसिव्ह आहे हो ती. आणि खरं सांगू का काकू, ती बाँडच होत नाही."

चौथ्या दिवशी! मला सासरी पोटभर जेवायला महिना लागला होता.

दुसऱ्या घरी तिला राखणीला नेले. भुंकत नाही म्हणून नवव्या दिवशी परत. त्याबद्दल काय बोलावे?

तर परत देता येते, खरे आहे. वाढदिवसाआधी ती माझ्यासमोर ताटलीला तोंड लावू लागली होती. नंतर मी स्वयंपाकघरातून बाहेर गेल्याशिवाय खाईना, कुकरची शिट्टी झाली की थरथर कापायची. ते सुटायला अकरा आठवडे गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा आहेत माझ्या.

कायद्यानेच बोलायचे तर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर जाऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली आहे. आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपासमार होईल असे सोडून देण्याबद्दल पहिल्या वेळचा दंड आहे १० ते ५० रुपये. तेवढ्यात त्या वाढदिवसाचे फुगेही आले नसते.

सोसायट्यांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. आमच्या लिफ्टमध्ये 'कुत्र्यांस मनाई' अशी पाटी आहे. मी सेक्रेटरींना प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना नेऊन दाखवल्या. ते म्हणाले, "अहो, सर्वसाधारण सभेत ठराव झालाय." ठराव करूनही अशी बंदी घालता येत नाही, हेच तर त्यात लिहिले आहे! भागूला खरे तर लिफ्ट नकोच असते, ती जिन्यानेच उतरते. गुडघे माझे आहेत.

"मग तुम्हीच का नाही ठेवत?" हे प्रत्येक जण विचारतो. मी ७३ वर्षांची आहे आणि भागू फार तर चारची. वजाबाकी ज्याची त्याने करावी.

तिला घर हवे ते लहान मुले नसलेले, शक्यतो आधीचे एखादे शांत कुत्रे असलेले, कारण माणसांपेक्षा ती कुत्र्याचे बघून लवकर शिकते. आणि निदान सहा महिने तिच्याकडून काही म्हणजे काही न मागणारे. पुढचा लेख छापाल तेव्हा एक फोटो दिवाणाखालच्या कुत्र्याचाही घ्या. अंधारात नुसते दोन डोळे दिसतील, पण छापा.

कळावे,
एक जुनी वर्गणीदार, कर्वेनगर, पुणे
(नाव छापू नये, याच सोसायटीत राहायचे आहे.)

ता. क. : तुमचा अंक टाकणारा मुलगा पहाटे तो दारावर फेकून मारतो. धाडकन आवाज झाला की भागू दिवाणाखाली जाते ती दहा वाजेपर्यंत बाहेर येत नाही. अंक कडीला अडकवावा असे वितरकांना तीनदा सांगून झाले. दर वेळी "सांगतो" म्हणतात. आता तुम्ही सांगून बघा.