सही केल्यानंतरचे पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या कागदांवर मी गेल्या आठवड्यात सही केली आणि ती तुम्हाला न विचारता केली, याचे मला फार वाईट वाटते. फोनवर आईचा आवाज ऐकला असता तर माझ्याने बोलवले नसते, म्हणून लिहिते आहे.

आई, मी लढायला जात नाही. लेफ्टनंट हा हुद्दा मिळेल, पण काम बेळगावच्या दवाखान्यात करत होते तेच असेल, ड्रेसिंग, सलाईन आणि रात्रपाळी. जखमी जवान आधी पलटणीच्या डॉक्टरांकडे, तिथून फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणतात त्या आघाडीमागच्या तात्पुरत्या दवाखान्यात आणि मग रुग्णालयात येतो, त्यामुळे आम्ही आघाडीपासून बरेच मागे असतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार रेड क्रॉसचे चिन्ह असलेल्या रुग्णालयावर हल्ला करण्यास मनाई आहे, आणि शत्रूचा जखमी सैनिक आला तरी त्याची शुश्रूषा तितक्याच काळजीने करावी लागते. हे मला मनापासून पटले आहे. करार सगळीकडे पाळला जातो असे मात्र मी म्हणणार नाही, कारण तुमच्याशी खोटे बोलणे मला जमत नाही.

बाबा, आज्जांच्या मांडीवरच्या जखमेच्या त्या खोबणीत बोट घालून मी त्यांच्याकडून आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईची हकीकत ऐकायची. १९७१ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री ज्या दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर घालून भाताच्या खुंटांमधून मागे आणले, त्यांची नावे त्यांना शेवटपर्यंत कळली नाहीत. दर दिवाळीला त्या दोघांच्या दोन पणत्या तुळशीपाशी वेगळ्या लागतात, त्या आज्जांमागे मीच लावत आले. ते दोघे आले नसते तर तुमचे बालपण कसे गेले असते, हे नर्सिंगला लागल्यापासून माझ्या मनात घोळते आहे.

राहायला क्वार्टर आहे, मेसमध्ये वेळेवर जेवण मिळते, आणि आईची वाकळ मी बरोबर नेणारच आहे. तिच्याशिवाय मला अजून झोप लागत नाही.

बाबा, इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात अजिबात ठेवू नका, आणि खानापुरात पावसात वीज गेली तर बाटली माठाशेजारी गारव्याला ठेवा. जेवण टाळून सुई टोचायची नाही. आई, गुडघा दुखत असताना ओल्या परड्यात एकटी जाऊ नकोस. सुट्टी मिळाली की भातकापणीला येईन.

दिवाळीला मी नसले, तर त्या दोन पणत्या तू लाव. तेल भरपूर घाल.

तुमची,
सोनी