कोटुलाचं रान आणि आपला डिसेंबर

ऑस्टिन, टेक्सास
१४ सप्टेंबर

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ‘शिकारीला नेणार असशील तर नीट ने, नुसतं रांच दाखवून परत पाठवू नकोस’ म्हणालास. बरं. मग हे पत्र सावकाश वाच, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

हरणाच्या शिकारीची जागा ठरल्यात जमा आहे. सॅन अँटोनिओहून लरेडोकडे जाणाऱ्या आय-३५ महामार्गावर कोटुला नावाचं गाव लागतं, त्याच्या आसपासच्या एका खाजगी रांचवर जायचं. इथं बहुतेक शिकार खाजगी जमिनीवरच होते, कारण राज्यातली सुमारे ९५ टक्के जमीनच खाजगी आहे. माझ्या घरापासून जवळ म्हणशील तर लानो आहे, ते गाव स्वतःला टेक्सासची हरणांची राजधानी म्हणवतं आणि हरणंही तिथं ढिगानं आहेत. पण त्या डोंगराळ भागात नर माजावर येतात ते साधारण नोव्हेंबरात. तू येणार डिसेंबरच्या मध्यावर, आणि तेव्हा दक्षिणेत, कोटुलाकडे, माज भरात असतो. एरवी रात्रीशिवाय न दिसणारा म्हातारा नर त्या दिवसांत मादीच्या मागं भरदुपारी उघड्यावर येतो. त्यातून उत्तरेकडून थंड वारा आला तर सोन्याहून पिवळं.

रान म्हणजे दाजीपूर डोळ्यांसमोर आणू नकोस. मेस्कीटची काटेरी झुडपं, निवडुंग, त्यातून सरळ रेषेत कापलेल्या मोकळ्या वाटा, त्यांना सेंदेरो म्हणतात. वाटेवर मका टाकलेला असतो आणि आपण दूर मचाणावरच्या पत्र्याच्या खोपट्यात बसतो. तू लगेच म्हणशील, मका टाकून मारण्यात कसली मर्दुमकी? खरं आहे, मर्दुमकी नाहीच. टेक्सासात ते कायदेशीर आहे, आणि इतक्या दाट काट्यात चालत जाऊन हरणाजवळ पोचणं जवळपास अशक्य. शिवाय हरीण मका खात असताना गाईडला ते निवांत बघता येतं, वय ठरवता येतं. वय शिंगांवरून नाही, अंगावरून ठरतं: सुटलेलं पोट, जाड मान, किंचित वाकलेली पाठ.

माझी घासाघीस चालली होती ती कुंपणावर. काही रांचना आठ फुटी जाळीचं कुंपण असतं. आत जोपासलेले नर, बाहेर दरपत्रक, आणि शिंगांच्या इंचांवर भाव. अमुक इंचांना अमुक डॉलर, आणि तसा नर मिळणारच. मला ते खुराड्यातली कोंबडी निवडण्यासारखं वाटतं. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ साली काढलेला बून अँड क्रॉकेट क्लबही अशा कुंपणातली शिंगं आपल्या नोंदवहीत घेत नाही. मी निवडलेल्या ठिकाणी गुरांचं साधं तारेचं कुंपण आहे, हरीण उडी मारून शेजाऱ्याकडे जातं. म्हणजे तीन दिवस बसूनही रिकाम्या हातानं परत यायची शक्यता धरून पैसे भरायचे. मला ते पटलंय. तुला पटत नसेल तर आत्ताच सांग, नंतर गाडीत कुरकुर नको.

आणि भिंतीवर लावायला डोकं हवं हा हट्ट सोड. तसल्या नराचे पैसे आपल्या दोघांच्या विमानाच्या तिकिटांहून जास्त होतात. मी ‘मॅनेजमेंट बक’ मागितलाय, म्हणजे वय झालेला पण शिंगं बेताची असलेला नर, जो कळपातून काढायला मालकही राजी असतो. मादी घेतलीस तर आणखी स्वस्त, आणि मांस जास्त कोवळं.

आता कागदपत्रं. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. अपवाद असा की राज्याचा शिकार परवाना खिशात असेल तर चालतं. म्हणून उतरल्यावर आधी परवाना, मगच रायफल रेंज, हा क्रम मोडायचा नाही. परवाना मला २५ डॉलर, तुला परराज्यातला म्हणून ३१५. पाच दिवसांचा एक स्वस्त परवाना दिसेल, त्याला भुलू नकोस, त्यावर हरीण मारता येत नाही. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सुरक्षिततेचा कोर्सही लागतो. एकदाच मिळणारी सवलत घेऊन तो पुढं ढकलता येतो, पण मग माझ्या हाकेच्या अंतरातच राहावं लागेल. त्यापेक्षा ऑनलाईन कोर्स करून टाक, इंग्रजी सोपं आहे.

रायफल माझी घे, .२४३ कॅलिबरची. धक्का कमी, आणि शंभर-दीडशे यार्डांना भरपूर होते. आजोबांची बारा बोअरची बंदूक खांद्याला लावून बघितली होतीस म्हणून फुशारकी मारू नकोस. गाईड पोचल्या पोचल्या आपल्याला कागदावर गोळ्या मारायला लावणार, आणि त्याचं समाधान होईपर्यंत मचाणावर सोडणार नाही. नेम खांद्याच्या मागं, फुप्फुसांवर. हरीण पळालं तर अर्धा तास जागचं हलायचं नाही, मग रक्ताचा माग. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच वेळ कायद्यानं चालते, म्हणजे पहाटे चारला उठणं आलं. आणि तीन-तीन तास गप्प बसणं. याची मला खरी काळजी आहे.

मांसाचं सांगतो, कारण वहिनी तेच विचारतील. चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे खांदा हाडासकट मंद आचेवर शिजवून तांबडा रस्सा, आणि मागच्या पायांचं सुकं. भेजा मात्र विसर. इथल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग नावाचा मेंदूचा रोग २०१२ पासून सापडतोय. माणसाला झाल्याचा पुरावा नाही, पण शिजवूनही त्याचं कारण असलेलं प्रथिन नष्ट होत नाही, म्हणून मेंदू आणि कण्याला हात लावायचा नाही. नमुना तपासायला देऊ आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. यातलं काही कोल्हापूरला न्यायचं मनातही आणू नकोस, सगळं इथंच संपवायचं. उरलं तर माझे शेजारी आहेत.

कपडे मी देतो. पहाटे हात गारठतात आणि दुपारी शर्ट नकोसा होतो, एवढं लक्षात ठेव. गाईडला दहा ते वीस टक्के टिप द्यायची पद्धत आहे, ती आपण निम्मी-निम्मी करू.

एक गोष्ट मात्र गंमत सोडून विचारतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेली आपण माणसं, आपण शिकार ऐकली ती आजोबांच्या तोंडून. समोर जिवंत जनावर आल्यावर चाप ओढावासा वाटला नाही तर ओढू नकोस, मी हसणार नाही आणि गाईडही हसणार नाही. पण नुसतं सोबत बसायचं असेल तर तसं आधीच सांग. तेव्हा मी एकाच शिकारीचे पैसे भरीन, सोबत्याचे वेगळे आणि बरेच कमी असतात.

आगाऊ रक्कम पुढच्या रविवारपर्यंत भरायची आहे आणि ती परत मिळत नाही. तेव्हा शनिवारच्या आत तीन गोष्टी लिहून पाठव, व्हॉइस मेसेज नको: नर, मादी की नुसतं बसणं, पासपोर्टवरचं पूर्ण नाव, आणि बुटाचा नंबर.

वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग.

तुझा,
बाळ्या